कीर्दीचा न्याय : कोसळलेल्या संगणकप्रणाली पुन्हा उभ्या करण्याचा इतिहास



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने संगणकप्रणालींच्या बिघाडांवर बोलावे, याचे आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. या शाळेतून बाहेर पडलेले पुष्कळ विद्यार्थी आज इथेच, हैदराबादच्या पश्चिमेकडील माधापूर-गच्चीबावलीच्या वस्तीत, याच व्यवसायात आहेत. त्यांच्यापैकी काहींशी वेळोवेळी झालेल्या बोलण्यातून माझ्या ध्यानात आले, की ते रोज ज्या युक्त्या वापरतात त्यांना स्वतःचा असा इतिहास आहे. आणि तो वाचू लागल्यावर मोडी कागदपत्रांत आयुष्य घालविलेल्या माणसाला त्यात बरेचसे ओळखीचे भेटते. तांत्रिक अधिकार मी सांगत नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून जे दिसले ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रश्न मांडावयास सोपा आहे. चालती प्रणाली मध्येच कोसळली, तर पुढे काय करावयाचे? मागच्या एखाद्या शाबूत स्थितीला परत जावयाचे, झालेली चूक दुरुस्त करीत पुढेच जावयाचे, सगळे बंद करून नव्याने आरंभ करावयाचा, की काम दुसऱ्या तयार यंत्राच्या हाती सोपवावयाचे? हे चारही मार्ग जुने आहेत, चारही कधी ना कधी यशस्वी झाले आहेत आणि चारहींनी कधी ना कधी घात केला आहे. म्हणून निवड कशावर करावी, हाच या इतिहासातला खरा विषय होय.

आरंभ आपल्या परिचयाच्या वस्तूपासून करू. मराठेशाहीच्या दप्तरात रोजकीर्द नावाचा कागद असे. दिवसभरात जो जो व्यवहार घडेल तो घडेल त्या क्रमाने तिच्यात चढवावयाचा. मग त्याच नोंदी खात्यांच्या सदराखाली वाटून खतावणीत न्यावयाच्या. खतावणी पाहण्यास सोयीची. कोणाकडे किती येणे, किती देणे, ते तिच्यात एका दृष्टिक्षेपात कळते. पण खतावणी जळाली किंवा अर्धवट राहिली तर कीर्दीवरून ती पुन्हा उभी करता येते. कीर्द गेली तर मात्र नुसत्या खतावणीवरून दिवस उभा राहत नाही. बाकी कळते, ती कशी झाली हे कळत नाही. म्हणून शिरस्ता असा, की आधी कीर्द आणि मग खतावणी. दुसरा शिरस्ता खाडाखोडीचा. चुकलेला आकडा खरडून नाहीसा करावयाचा नाही. त्याला छेद देणारी उलट नोंद घालावयाची, म्हणजे चूकही दिसते आणि तिची दुरुस्तीही दिसते.

आता कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे येऊ. तेथील आयबीएमच्या संशोधनशाळेत 1970 च्या दशकाच्या मध्यास ‘सिस्टिम आर’ नावाची माहितीसाठ्याची प्रणाली बांधण्यास आरंभ झाला. तिच्या पुनःस्थापनेच्या भागावर काम करणाऱ्यांत जिम ग्रे हे प्रमुख होते. अडचण अशी होती. संगणकाची चपळ स्मृती वीज जाताच कोरी होते आणि चकतीवरची स्मृती टिकते. पण चकतीवर लिहिणे मंद असल्याने सगळे तत्काळ तेथे लिहिता येत नाही. एका खात्यातून पैसे काढून दुसऱ्यात भरण्याच्या मधल्या क्षणी यंत्र बंद पडले, तर पहिल्यातून वजा झालेले आणि दुसऱ्यात न पोचलेले पैसे गेले कुठे? ग्रे यांनी ‘व्यवहार’ ही कल्पना येथे काटेकोर केली : व्यवहार एक तर संपूर्ण घडला पाहिजे, नाही तर मुळीच घडला नाही असे झाले पाहिजे.

हे साधण्यास त्या मंडळींपुढे दोन वाटा होत्या, आणि त्यांनी दोन्ही चालून पाहिल्या. पहिली, सावलीच्या पानांची. जुन्या पानाला हात लावावयाचा नाही. बदल नव्या पानावर उतरवावयाचा आणि सर्व सिद्ध झाल्यावर अनुक्रमणिकेने जुन्याऐवजी नव्या पानाकडे बोट दाखवावयाचे. मध्येच बिघाड झाला तर जुने पान जागच्या जागी आहेच. आपल्याकडच्या लेखकूने जीर्ण पोथी शेजारी ठेवून नवी नक्कल करावी, तशी ही रीत. दिसावयास ही फार निर्मळ. परंतु पाने चकतीभर विखुरली जात, अनुक्रमणिका फुगत जाई आणि मोठ्या साठ्यास तिचा खर्च झेपत नसे. दुसरी वाट नोंदवहीची, इंग्रजीत जिला ‘लॉग’ म्हणतात तिची : पान बदलण्याआधी बदलाची नोंद टिकाऊ स्मृतीत गेलीच पाहिजे. आधी कीर्द, मग खतावणी! सिस्टिम आरने दोन्ही वाटांचे मिश्रण केले होते. मात्र 1981 साली स्वतःच्या कामाचे परीक्षण करताना त्या संशोधकांनीच लिहिले, की मोठ्या साठ्यांसाठी केवळ नोंदवहीचा मार्ग अधिक बरा ठरला असता. आपली निवड चुकली असे छापून सांगणाऱ्या विद्वानांविषयी मला नेहमीच आदर वाटत आला आहे. आमच्या साहित्यक्षेत्रात ती प्रथा विरळ आहे.

ग्रे व त्यांचे सहकारी आंद्रेआस रॉयटर यांनी पुढे आपल्या ग्रंथात ही परंपरा थेट सुमेरियन मृत्तिकापट्टांपर्यंत नेली आहे. लिहिण्याची कला मुळी हिशेबाच्या गरजेतून आली, हे पुरातत्त्वज्ञांचे मत त्यांना आपल्या कामाशी जोडावेसे वाटले. त्यांना आपली रोजकीर्द ठाऊक असती तर तिचाही उल्लेख झाला असता, असे मला उगीचच वाटते.

या मार्गाला शास्त्रशुद्ध पूर्णता आणणाऱ्यांत एक भारतीय नाव अग्रभागी आहे. मद्रासच्या आयआयटीतून शिकून अमेरिकेस गेलेले सी. मोहन आणि आयबीएममधील त्यांचे चार सहकारी यांनी 1992 साली ‘एरीज’ नावाची पद्धती प्रसिद्ध केली. तिच्या तीन पायऱ्या आहेत. यंत्र पुन्हा सुरू होताच ते शेवटच्या खुणेपासून, म्हणजे आपल्या भाषेत शेवटच्या शिल्लकबंदीपासून, नोंदवही पुढे वाचत येते आणि बिघाडाच्या क्षणी कोणते व्यवहार अपुरे होते हे ठरविते. मग ते घडलेले सगळे पुन्हा घडविते. पुरे झालेले तर घडवितेच, अपुरे राहिलेलेही घडविते. या पायरीला मूळ लेखकांनी ‘इतिहासाची पुनरावृत्ती’ असेच नाव दिले आहे. अखेरीस अपुरे व्यवहार एकेक करून उलटविले जातात. जे शेवटी उलटवावयाचे ते आधी पुन्हा कशाला करावयाचे, असा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात येतो. त्याचे उत्तर असे, की बिघाडाच्या क्षणाची स्थिती हुबेहूब हाती आल्याखेरीज काय उलटवावयाचे हे निश्चयाने सांगता येत नाही. इतिहाससंशोधकाला हा युक्तिवाद पटावयास वेळ लागू नये. आणखी एक सूक्ष्म गोष्ट : उलटविण्याची प्रत्येक कृतीही नोंदवहीत लिहिली जाते. त्यामुळे पुनःस्थापना चालू असतानाच यंत्र दुसऱ्यांदा कोसळले, तरी उलटविलेले पुन्हा उलटविले जात नाही. खाडाखोड न करता उलट नोंद घालण्याचा आपला शिरस्ता तो हाच.

परंतु कीर्दीच्या न्यायाला एक मर्यादा आहे आणि ती ग्रे यांनी 1981 सालीच स्पष्ट केली होती. काही कृती प्रणालीच्या बाहेरच्या जगात घडतात. यंत्रातून ग्राहकाच्या हाती पडलेली नोट, धातूत पाडलेले भोक, सोडलेले क्षेपणास्त्र, ही नोंदवहीतली उलट नोंद करून परत येत नाहीत. तेथे भरपाई करता येते, परतफेर होत नाही. मागे जाण्याचा मार्ग निवडण्यापूर्वी काय काय उंबरठ्याबाहेर गेले आहे, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

जेथे मागे जाणे शक्यच नव्हते अशा प्रसंगाचा दाखला 20 जुलै 1969 चा आहे. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्राच्या पृष्ठभागाकडे उतरत असताना यानातील संगणकाने 1202 आणि 1201 या क्रमांकांचे इशारे मिळून पाच वेळा दिले. भेटीच्या वेळी वापरावयाच्या रडारकडून येणारे निरर्थक संकेत संगणकाचा सुमारे सातवा-आठवा हिस्सा वेळ खात होते आणि कामांना जागा पुरत नव्हती. तो संगणक केवढा? बदलत्या नोंदींसाठी त्यात जेमतेम 2048 शब्दांची स्मृती होती. तेथे उतरणे थांबवून आधीच्या क्षणाला परत जाण्यात अर्थ नव्हता. इंधन जळतच होते. मॅसॅच्युसेट्सच्या अभियंत्यांनी प्रत्येक महत्त्वाच्या कामाच्या टप्प्यांची खूण आधीच राखून ठेवण्याची व्यवस्था केली होती. इशारा येताच संगणक सगळी रांग मोडून टाकी आणि क्षणार्धात केवळ अत्यावश्यक कामे त्यांच्या शेवटच्या टप्प्यापासून उचली. बिनमहत्त्वाची कामे वाऱ्यावर सोडली जात. ह्यूस्टन येथे स्टीव्ह बेल्स यांनी ‘पुढे चला’ असा कौल दिला. त्या कौलामागे आणखी एक कागद होता, आणि मला तो संगणकाइतकाच मोलाचा वाटतो. जुलैच्या आरंभी झालेल्या तालमीत अशाच इशाऱ्यावर बेल्स यांनी उतरणे रद्द करविले होते व तो निर्णय अनावश्यक ठरला होता. त्यानंतर सर्व इशाऱ्यांचा अभ्यास करण्याची आज्ञा झाली आणि जॅक गारमन यांनी कोणत्या इशाऱ्यावर काय करावे याची हस्तलिखित यादी करून जवळ ठेवली. निवड प्रत्यक्ष संकटात झाली असे दिसते. खरे म्हणजे ती पंधरवड्यापूर्वी, शांतपणे झालेली होती.

सगळे बंद करून पुन्हा सुरू करावे, हा उपाय आपण घरीही करतो आणि त्याची थोडी लाजही बाळगतो. तो का लागू पडतो याचे उत्तर ग्रे यांनी टँडेम कंपनीत असताना 1985 मध्ये दिले. कोसळण्याच्या प्रसंगांची छाननी करता त्यांना दिसले, की आज्ञावलीतल्या बहुसंख्य चुका पुन्हा प्रयत्न करताच अंतर्धान पावतात; एका तपासणीत 132 पैकी केवळ एक चूक अशी निघाली, की जी त्याच परिस्थितीत हटकून पुन्हा येई. इतर सर्व कालयोगाच्या, क्षणिक संयोगाच्या होत्या. त्याच अभ्यासात बंद पडण्याच्या कारणांपैकी सुमारे 42 टक्के कारणे यंत्राच्या देखभाल-कारभारातली, म्हणजे माणसांच्या हातची, आढळली.

दुसऱ्या यंत्राकडे काम सोपविण्याच्या मार्गाविषयी मी थोडक्यात बोलतो, कारण त्याची मर्यादा एकाच उदाहरणात दिसते. 4 जून 1996 रोजी एरियन-5 हे युरोपीय अग्निबाण उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झाले. दिशा सांगणाऱ्या दोन जोड यंत्रणा त्यात होत्या. एरियन-4 वरून जशीच्या तशी आणलेली आज्ञावली नव्या, अधिक वेगवान बाणाची संख्या लहान जागेत बसवू पाहत होती. ती बसली नाही आणि यंत्रणा स्वतःला बंद करून मोकळी झाली. राखीव यंत्रणा तिच्या क्षणभर आधी, त्याच कारणाने, बंद पडलेली होती. जोडीचे यंत्र तुटफुटीवर उतारा आहे. विचारातच दोष असेल तर दोन्ही यंत्रे तोच विचार करणार. या दोषावर दोन भिन्न प्रकारे लिहिलेल्या आज्ञावल्या ठेवाव्या, एकीचे उत्तर कसोटीस न उतरल्यास दुसरीला संधी द्यावी, अशी योजना न्यूकॅसलच्या ब्रायन रँडेल यांनी 1975 मध्येच मांडली होती. पण 1986 साली नाइट आणि लेव्हसन यांनी एकाच कामाच्या 27 स्वतंत्र आज्ञावल्या लिहवून त्यांची दहा लाख वेळा परीक्षा घेतली, तेव्हा स्वतंत्रपणे लिहिणारी माणसेही त्याच अवघड ठिकाणी एकत्र चुकतात असे आढळले. पाठभेद तपासणाऱ्याला हे नवे नाही. अर्थ कठीण झाला, की निरनिराळ्या प्रांतांतले लेखकू एकाच जागी अडखळतात.

आता ज्या घटनेमुळे हा विषय निवडावा असे मला वाटले तिच्याकडे वळतो. ब्रिटनमधील रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड समूहाने 17 जून 2012 रोजी रात्रीच्या कामांचा क्रम लावणाऱ्या आज्ञावलीची सुधारित आवृत्ती बसविली. ती नीट चालेना. तेव्हा 19 जूनला जुनी आवृत्ती परत आणण्याचे ठरले. कोणालाही हा सर्वांत सुरक्षित निर्णय वाटेल. परंतु जुनी आवृत्ती मधल्या दोन दिवसांत नवीने केलेल्या नोंदींशी जुळते की नाही, याची परीक्षा कोणी घेतली नव्हती. ती जुळत नव्हती. रात्रीच्या कामांची साखळी तुटली आणि 65 लाखांहून अधिक ग्राहकांचे व्यवहार अडकले. उत्तर आयर्लंडमध्ये अल्स्टर बँकेचे खातेदार कित्येक आठवडे हाल सोसत होते. पगार जमा होईनात, घरांचे व्यवहार लटकले, बिले थकली. नोव्हेंबर 2014 मध्ये नियामकांनी एकूण 5 कोटी 60 लाख पौंडांचा दंड केला. पहिला बिघाड किरकोळ होता. हाहाकार उडविला तो पुनःस्थापनेने. मागे जाणे हीसुद्धा एक नवी कृतीच असते आणि तिचीही तालीम लागते, हे येथे पुरेपूर दिसते.

राखीव प्रतींचेही तसेच. 31 जानेवारी 2017 च्या रात्री गिटलॅब या कंपनीच्या एका कर्मचाऱ्याकडून मुख्य माहितीसाठा पुसला गेला. प्रती ठेवण्याच्या पाच व्यवस्था कागदोपत्री होत्या, आणि एकही धड कामास आली नाही. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेली एक प्रत होती म्हणून कंपनी तरली. सहा तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या. पोथी कपाटात आहे असे म्हणणे आणि ती उघडून वाचता येणे यांतले अंतर ग्रंथालयात काम केलेल्या प्रत्येकाला माहीत असते.

19 जुलै 2024 ची आठवण ताजी आहे. क्राउडस्ट्राइक या कंपनीने धाडलेल्या सदोष फायलीमुळे जगभरातली सुमारे 85 लाख यंत्रे बंद पडली. कंपनीने ती फाईल 78 मिनिटांत मागे घेतली. पण जी यंत्रे आधीच कोसळली होती त्यांना मागे घेतल्याचे कळविणार कसे? त्यांपैकी बहुतेकांपाशी माणसाने जाऊन ती फाईल हाताने काढावी लागली. आपल्या देशातील विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र मिळाले. लोकांनी त्याची छायाचित्रे गमतीने एकमेकांना पाठविली. मला त्यात गमतीपेक्षा शहाणपण अधिक दिसले : कागद आणि लेखणी हा मार्ग कोणी तरी उघडा ठेवला होता.

आणि कीर्दच खोटी ठरली तर? ब्रिटनच्या टपाल खात्याने 1999 पासून ‘होरायझन’ ही प्रणाली शाखाशाखांतून बसविली. तिच्या हिशेबात तुटी दिसू लागल्या आणि शाखाचालकांवर अफरातफरीचे आरोप ठेवले गेले. 2015 पर्यंत नऊशेहून अधिक जण दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, अनेकांनी घरदार विकून तूट भरली. यंत्राची नोंद चुकणार नाही, असे गृहीत धरले गेले होते. डिसेंबर 2019 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला, की त्या प्रणालीत तुटी निर्माण करणारे दोष होते, आणि शाखाचालकांच्या नकळत दुरून त्यांच्या हिशेबात नोंदी घालणे पुरवठादार कंपनीच्या माणसांना शक्य होते. मे 2024 मध्ये खास कायदा करून शेकडो शिक्षा रद्द करण्यात आल्या. ज्या नोंदवहीवरून सत्य उभे करावयाचे तिच्यात कोणाचा हात शिरू शकतो आणि शिरलाच तर त्याची खूण उरते का, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही. पेशवाई दप्तरात हस्ताक्षर ओळखून लेखनिक शोधता येतो. येथे ते हस्ताक्षर मुद्दाम जपावे लागते.

शेवटचा दाखला दूरचा आहे. 1977 साली सोडलेले व्हॉयेजर-1 हे यान नोव्हेंबर 2023 मध्ये निरर्थक संदेश पाठवू लागले. ते पृथ्वीपासून 2400 कोटी किलोमीटरांवर होते; एक आज्ञा पोचावयास साडेबावीस तास आणि तिचे उत्तर यावयास तितकेच. तेथे कोणी जाऊ शकत नव्हते, बदली यंत्र पाठविणे शक्य नव्हते, आणि नुसते पुन्हा सुरू केल्याने तो दोष जाणार नव्हता. जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेतील अभियंत्यांनी जुनी कागदपत्रे बाहेर काढली, कारण मूळ रचनाकारांपैकी अनेकजण आता हयात नव्हते. मार्च 2024 च्या आरंभी त्यांनी एक चाचपणीची आज्ञा धाडली. उत्तरादाखल आलेल्या संकेतांत यानाच्या स्मृतीची संपूर्ण नक्कल दडलेली आहे, हे 10 मार्चला एका अभियंत्याने ओळखले. जुन्या नकलेशी ती ताडून पाहता एक चिप निकामी झाल्याचे कळले. ती त्या संगणकाच्या स्मृतीचा सुमारे 3 टक्के भाग सांभाळत होती. त्या भागातली आज्ञावली सलग बसेल एवढी मोकळी जागा अन्यत्र कुठेच नव्हती. तेव्हा तिचे तुकडे करून जिथे जिथे कोपरा सापडला तिथे ते ठेविले आणि एका तुकड्यावरून दुसऱ्याकडे नेणारे सर्व निर्देश बदलले. कसर लागलेल्या पानावरचा मजकूर इतर पानांच्या समासांत उतरवून काकपदांनी जोडावा तसे. पहिला भाग 18 एप्रिलला रवाना झाला. 20 एप्रिल 2024 रोजी यानाच्या प्रकृतीची माहिती पाच महिन्यांनी प्रथमच वाचता येईल अशी आली. चारही उपकरणांची शास्त्रीय मोजमापे पूर्ववत येऊ लागावयास जून उजाडला.